आखणीचा हात

(हसुराम घरत यांनी सांगितलं तसं)

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. पनवेलच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून चाळीत कुणाला फॉर्म भरायचा असला, अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. हसुकाकाही तसेच आले. त्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जाला जोडण्यासाठी रोजच्या जगण्यातल्या अडचणी एका पानात लिहून हव्या होत्या. मी वही घेऊन बसलो. पान भरलं, पण काका थांबले नाहीत आणि मलाही त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. तेव्हा काही दुपारी आणि मग निकालाची वाट बघताना आणखी काही दुपारी ते बोलले. मध्येच म्हणायचे, हे नको लिहू, हे सरकारला काय करायचंय. ते मी वेगळ्या पानावर लिहीत गेलो. दुसऱ्याचं आयुष्य लिहायचा अधिकार मला आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, लिही, पण माझ्या बोलण्याला इस्त्री मारू नको. म्हणून त्यांचे शब्द जमेल तितके तसेच ठेवलेत. त्यात चुकलं असेल ते माझं.

आमी मूळचे आपट्याचे. पाताळगंगेच्या काठाला आमचं घर, म्हणजे घर कसलं, कुडाचं, पण नदी दारात, आणि पूर ओसरला की काठाला जो गाळ राहतो ना, लोण्यासारखा, त्याच्यावर काठीनं चितारत बसाचं हा माझा उद्योग. हत्ती काढाचा, बैल काढाचा, शाळेतल्या बाईंना काढाचा. बाप भातशेती कराचा, भात झालं की वीटभट्टीवर जावाचा, तो बोलाचा, ह्याचा हात चालतो पण कामाला नाय चालत. दहावीला गणितात गेलो तवा मामानं मला पनवेलला आणला, गणपतीच्या कारखान्यात. मामा तिथं साच्याचं काम कराचा. तवापासून मी पनवेलचा, आता आपट्याला जातो ते लग्नकार्याला नायतर कोणी गेलं तर.

काय सांगू बाला तुला, कारखान्यात पहिल्या दिवशी कोणी हातात ब्रश देत नाय. पेणहून कच्च्या मूर्ती टेंपोनं यायच्या, पांढऱ्याफेक, त्या घासाच्या. दोन वर्षं मी नुसतं घासलं, नाकात पांढरं, कानात पांढरं, जेवताना भातात पांढरं. मंग अंगाचा रंग, मंग पितांबर, मंग दागिने, मंग सोंडेवरची नक्षी, आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांना आमी आखणी बोलतो. आखणी झाली की देव बघाला लागतो, त्याच्या आधी ती माती. आठ वर्षांनी मला आखणीला बसवला. जुना आखणीवाला होता, नाना बोलाचो त्याला, त्यानं मला एकच गोष्ट शिकवली. करंगळी देवाच्या गालाला टेकव, श्वास सोड, आणि परत घ्याच्या आधी रेघ पुरी कर. बस, येवढंच. त्या अर्ध्या श्वासात कारखान्यात कोणी बोलाचं नाय, रेडिओसुद्धा बारीक कराचे. मंग मी मान वर केली की सगळे बोलाला लागाचे.

आणि माझा हात लागला बाला, खरंच लागला, हे मी फुशारकीनं नाय सांगत. लोक बुकिंगला येऊन बोलाचे, आमाला हसुरामच्या डोळ्यांचा पाहिजे. बाकीचे कारागीर चिडवाचे, हसुरामचा गणपती बघतो, आमचा नुसता डोळे उघडे ठेवतो. पंचवीस-तीस वर्षं अशी गेली. लग्न झालं, पोरगा झाला, तो आता द्रोणागिरीला गोदामात हाय, कंत्राटावर, तिकडंच राहतो. बरा हाय. त्याची दोन पोरं हायत, त्याचं त्याला पुरतं तेवढंच.

हाताचं सुरू झालं ते बसल्या जागी. टीव्ही बघत होतो, तर सुगंधा, माझी बायको, बोलली, विडी वळता का काय? बघतो तर उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकाला घासतायत, आपोआप, मला पत्ताच नाय. पण ब्रश घेतला की थांबाचं. म्हणून मला वाटलं, हे रिकामं बसल्यामुळं होतं, काम केलं की बरं. मी जास्त काम घेतलं. मंग एका मोसमाला आमचे मालक बाळूशेठ बोलले, हसुराम, यंदाचे देव झोपेत हायत का? मी बोललो, रंग जाड झाला. पुढल्या मोसमाला रंग पातळ होता, तरी डोळे बारीकच. मी मोठा काढाला जावाचो आणि हात लहान काढाचा. मंग सदऱ्याची बटणं लागेनात, चहाचा कप अर्धाच भराला सांगाचो, चालताना दाराच्या उंबऱ्याशी पाय चिकटाचे, जसा कोणी खालून धरलाय. डॉक्टर बोलले, कंपवात. गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेतली की दोन-तीन तास माणूस, मंग परत लाकूड.

आता जे सांगतो ते अर्जात नवतं. पहिल्या वेळी नवतं, दुसऱ्या अर्जाला घालावं लागलं. सुगंधा आमच्यातल्या लग्नांना चौक काढाची. नवरा-नवरीला बसवाच्या आधी तांदळाच्या पिठाचा चौक काढतात ना, तिच्या हातून रेघ सुटली की दुसऱ्या टोकालाच थांबाची, मध्ये तुटाची नाय. मी शेठला बोललो, आता कारखान्यात धूळ फार, मी आखणी घरी करतो. टेंपोनं मूर्ती घरी येवाला लागल्या. दार लावून मी ब्रश तिच्या हातात दिला. ती बोलली, बायकांनी आखणी केलेली ऐकलीय का कुठं, देव कोपला तर? मी बोललो, पोराला काजळ घालाचीस ना, तसंच घाल. ती हसली आणि बसली. मी बाजूला बसून सांगाचो, जरा खाली, जरा बाहेर, आता श्वास सोड. तिसऱ्या मूर्तीनंतर ती बोलली, तुमी गप बसा, तुमच्या बोलण्यानं माझा हात हलतो. दोन मोसम असे काढले. टेंपो परत जावाचा आणि लोक बोलाचे, हसुरामचे डोळे.

तरी किती दिवस चालणार? मोसम चार-पाच महिन्यांचा, गोळ्या बारा महिन्यांच्या, आणि मधल्या दिवसांत पोराकडं हात पसराचा हे मला नाय जमत. म्हणून अपंगाच्या दाखल्याचं डोक्यात घेतलं. दाखला असला की पेन्शनला अर्ज करता येतो, येष्टीला सवलत मिळते, गोळ्यांचं तरी निघतं. पण चाळीस टक्के पाहिजेत. अपंगत्व चाळीसच्या खाली लिहिलं की दाखला हाय पण उपयोग नाय. हे तूच मला सांगितलंस.

पहिल्या तपासणीला मी कसा गेलो ते ऐक. सुगंधानं पहाटे दाढी केली माझी, इस्त्रीचा सदरा घातला, बटणं लावली, केसांना तेल लावलं. साहेबलोकांपुढं जावाचं, गबाळं कसं जावाचं? आणि गोळी बरोबर वेळेला दिली, तिथं सगळ्यांसमोर हात हलाला नको म्हणून. सरकारी दवाखान्यात बाकावर बसलो. आत एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, बोलाला फार चांगल्या. त्यांनी विचारलं, कसे आहात काका? मी बोललो, बरा हाय. दुसरं काय बोलतात? मंग त्यांनी कागद ठेवला, पेन दिलं, बोलल्या, एक सरळ रेघ ओढा आणि एक गोल काढा, गोगलगायीच्या शंखासारखा.

बाला, मला कागद दिसला आणि मी विसरलो. खरं सांगतो. मी दवाखान्यात हाय, मी कशासाठी आलोय, सगळं विसरलो. करंगळी टेकवली, मनगट टेकवलं, श्वास सोडला आणि ओढली. तारेसारखी रेघ. मंग शंख, आतून बाहेर, कुठं जाड नाय, कुठं बारीक नाय. बाईंनी कागद उचलून उजेडात धरला. बोलल्या, काका, इतकी सुंदर रेघ मलासुद्धा येणार नाही. आणि मी हसलो. लाज वाटते सांगाला, पण मला इतकं बरं वाटलं, दोन वर्षांत तेवढं बरं वाटलं नवतं. हसतच बाहेर आलो आणि बाकापर्यंत पोचाच्या आधी हात असा हलाला लागला की सुगंधानं धरून बसवला. पण ते बाहेर. आत कोणी बघितलं नाय.

दाखल्यावर तीस टक्के आले.

सुगंधा आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाय. भाकरी वाढाची आणि बोलाची, जेवा, चित्रकार. एक दिवस बोलली, घरात कपभर चहा सांडल्याशिवाय पीत नाय आणि डॉक्टरपुढं कला दाखवतोय. तिचं बरोबर होतं. पण तुला सांगतो, चाळीस वर्षं ज्या हातानं खाल्लं, त्या हाताला चार माणसांत वाईट रेघ ओढ असं सांगाचं, ते कोणाला जमतं?

मंग आपण परत अर्ज केला. तू बोललास, यावेळी पुरावे जोडाला पाहिजेत, नुसतं तोंडी नाय चालणार. डॉक्टरांचे जुने कागद काढ बोललास. कागद होते, पण मी त्यांच्या मागच्या बाजूला ब्रश टेकवून रंगाची धार बघितलेली, कुठं काळा, कुठं कथ्थई, कुठं देवाचा अर्धा डोळा. तू तेच कागद सरळ करून पिशवीत घातलेस, बोललास, तारीख आणि सही दिसतेय, चालेल. काही कागद गेलेच, पहिल्या सालचा तर सापडलाच नाय. दुखणं कधीपासून आणि कसं वाढत गेलं ते कसं दाखवाचं? माझं काम कुठंय दाखवाला? सगळं पाण्यात. कोणाचं दीड दिवसानं, कोणाचं पाच दिवसानं, पण पाण्यातच.

तवा मला शिरढोणच्या मास्तरांची आठवण झाली. ते तीस वर्षं माझ्या डोळ्यांचा गणपती नेतात, आणि देव बसवला की समोर उभं राहून एक फोटो काढतात, दर साली त्याच जागेवरून, आणि अल्बमात लावतात. आपण दोघं रिक्षानं गेलो. मास्तरांनी चहा दिला, अल्बम दिला, बोलले, हसुराम, देवाचे फोटो अपंगाच्या अर्जाला, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. मी बोललो, मीसुद्धा.

घरी येऊन तू ते फोटो लादीवर मांडलेस, सालाप्रमाणे. मोठे डोळे, मोठे डोळे, मंग जरा लहान, मंग आणखी लहान, मंग झोपाळलेले. तू खूश झालास, बोललास, काका, हे तर कोणालाही दिसेल. मंग शेवटचे दोन ठेवलेस. मोठे, शांत, भरलेले डोळे. म्हणजे माझ्याच पुराव्यानं मला बरा केला. तू माझ्याकडं बघितलंस, मी सुगंधाकडं बघितलं, ती पीठ मळत होती, तिचे हात थांबले.

तेव्हा तुला सांगितलं. तुझे कान तांबडे झाले. सुगंधा बोलली, शेवटचे दोन बाजूला ठेव, कोणाला कळतंय? आणि तुझ्याही मनात ते आलं होतं, मला दिसलं. पण मी बोललो, नको. साहेबानं विचारलं, गेल्या दोन सालचे कुठं, तर काय सांगू? आणि एक खोटं घरात चाललंच होतं, त्याच्यावर दुसरं चढवाचं, ते मला उचललं नसतं. मी बोललो, सगळे फोटो अर्जाबरोबर जाऊ दे, आणि हात माझा नाय असं शेठकडून लिहून घेऊ. सुगंधा बोलली, शेठनं काम बंद केलं तर?

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो कारखान्यात. मी शेठसमोर बसलो आणि सांगितलं सगळं, पहिल्या मूर्तीपासून. बाळूशेठ ऐकत होते, कान कोरत होते. मंग बोलले, गेल्या साली शिरढोणच्या मास्तरांचा फोन आला होता, हसुरामचा हात परत आला म्हणून. मी पेढे आणणार होतो तुझ्यासाठी. मंग सुगंधाकडं बघून बोलले, वहिनी, तुमच्या देवाची नजर जरा खाली असते, यांचा समोर बघाचा. मला वाटलं वय झालं, माणूस नरमला. सुगंधा बोलली, मी समोर नाय बघत कोणाच्या, म्हणून माझा देव पण नाय बघत. शेठ हसले. मला वाटलं सुटलो.

पण शेठ लगेच काय तयार झाले नाय. बोलले, पत्र देतो, खरं हाय ते लिहून देतो, पण बाहेर कुठं बोलाचं नाय. बुकिंग तुझ्या नावावर हाय, मोसम तोंडावर हाय, गिऱ्हाईक बिथरलं तर मी कोणाला डोळे दाखवू? लेटरहेडवर लिहून दिलं, दोन मोसम हसुराम घरत यांनी आखणी केलेली नाही, त्यांच्या पत्नी सुगंधा यांनी केली, त्याआधी तीन मोसम काम कमी होत गेले. सही, शिक्का, आणि पाकीट बंद. येताना सुगंधा रस्त्यानं येवढंच बोलली, कागदावर माझं नाव लिहिलं आणि वर गोंद लावला.

दुसऱ्या तपासणीला ती बोलली, आज गोळी नका घेऊ, बघू दे त्यांना खरा हात. मी पण तोच विचार करत होतो रात्रभर. पण घेतली. दुखणं हाय ते हाय, ते वाढवून काय दाखवाचं? यावेळी वेगळे डॉक्टर होते, वयानं मोठे, कमी बोलणारे. मी आधीच सांगितलं, साहेब, सात वाजता गोळी घेतलीय, आता चालते, दहानंतर नाय चालणार. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. फोटो बघितले, एकेक, पत्र वाचलं, तुझं ते एक पान वाचलं. मंग कागद ठेवला. मी विचारलं, हात टेकवून ओढू का न टेकवता? ते बोलले, भाजीत मीठ टाकता तसा हात ठेवा. म्हणजे न टेकवता. मी हात उचलून धरला. करंगळीला काय सापडेना, ती हवेत शोधत होती. जी रेघ आली ती मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तशी. मी कागदाकडं बघितलं नाय, खिडकीच्या गजांकडं बघत होतो. सुगंधानं बघितला तो कागद. ती बायको हाय माझी, तिनं मला भरवलंय, आंघोळ घातलीय, पण माझी तशी रेघ तिनं कधी बघितली नवती. तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर बोलले, बाहेर बसा, दुपारी परत बोलावतो. दुपारी बोलावलं तवा गोळी उतरली होती. ते बोलले, सदऱ्याचं एक बटण काढून परत लावा. मी लावत राहिलो. ते थांबले, घड्याळ नाय बघितलं, फोन नाय बघितला, नुसते बसून राहिले. शेवटी सुगंधा पुढं झाली तवा ते बोलले, राहू द्या, ताई.

त्याला आता दोन महिने झाले. तू रोज मोबाईल बघतोस, मी विचारत नाय. मूर्ती येवाला लागल्यात, ती आतल्या खोलीत बसते, मी दाराशी बसतो, कोणी आलं तर खोकतो, की ती ब्रश ठेवते. असं चाललंय. मला कोणाचा राग नाय. हातानं चाळीस वर्षं दिलं, किती देणार? तुझ्या आईला सांग, पोरगा ऐकून घेतो कोणाचं. शीक तू, सुखी राहा.

इथपर्यंत काका बोलले. अर्जावर माझा नंबर दिला होता, त्यामुळे प्रमाणपत्र तयार असल्याचा मेसेज मला आला, कॉलेजात तास चालू असताना. मी पुढच्या तासाला बसलो नाही. चाळीत पोचलो तेव्हा काका दाराशी बसले होते. मला येताना बघून ते सवयीनं खोकले आणि आत ब्रश ठेवल्याचा आवाज आला. मी प्रमाणपत्र मोबाईलवर उघडून वाचून दाखवलं. पंचावन्न टक्के. सुगंधाकाकी बाहेर आल्या, हात जोडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. काकांनी विचारलं, तात्पुरतं का कायमचं? मी मोबाईलवर खाली सरकवून बघितलं. कायमस्वरूपी, असं लिहिलं होतं. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

मग काका म्हणाले, दोन वर्षं मला वाटायचं, पुढल्या मोसमाला हात येईल, तवर हिनं सांभाळावं. बाळूशेठला फोन लाव. बुकिंग घेताना आता सुगंधाचं नाव सांगाला सांग, गिऱ्हाईक जाईल ते जाईल. आणि हे दार उघडंच राहू दे, आत तिला उजेड पुरत नाय.